खालचं पान

रबराच्या झाडाच्या सगळ्यात खालच्या पानावर पहिला तपकिरी डाग पडला तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि शाल्मलीच्या आधी तो हर्षदाने पाहिला. खरं तर तिने तो पाहायलाच नको होता. झाड शाल्मलीच्या खोलीत होतं, त्याला कुणी हात लावायचा नाही असं शाल्मलीने बजावून ठेवलं होतं, आणि ती रविवारच्या क्लासला गेली रे गेली की हर्षदा नेमकी त्याच झाडापाशी जाऊन उभी राहायची. डाग मसुराच्या डाळीएवढा होता. हर्षदाला वाटलं धूळ असेल. तिने बोट फिरवलं, निघेना. मग तिने आणखी थोडं तेल घेतलं आणि जरा जोर लावून घासलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. पण मारुती झालाय हे कळायला तिला अजून महिना लागायचा होता.

हर्षदाला मगदुमांच्या या सांगलीतल्या घरात येऊन सव्वा वर्ष झालं होतं. वय एकोणचाळीस. मिरजेच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची, आणि हात इतका हलका की सुई टोचून, रक्त काढून, वर कापूस लावून झाला तरी पोरं विचारायची, कधी टोचणार? तिचा नवरा अजित सोलर पंपांच्या दुरुस्तीला जतकडे असायचा, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. म्हणजे घरात राहणाऱ्या दोघीच. एक ही, आणि दुसरी अजितच्या पहिल्या बायकोची, मेघनाची, सतरा वर्षांची मुलगी.

शाल्मली भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाशी निदान बोलणं तरी होतं. ही पोरगी जेवायची, "छान झालंय" म्हणायची, आपलं ताट घासून ठेवायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. पंधरा महिन्यांत तिने हर्षदाला कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. अगदीच अडलं तर "अहो". शेजारच्या बाईंनी एकदा तिच्यादेखतच सुचवलं होतं की मावशी म्हण गं, त्यात काय एवढं. शाल्मली हसली होती आणि पुन्हा "अहो"वर आली होती.

ते झाड मेघनाचं. तिने कुठल्याशा प्रदर्शनातून वीतभर रोप आणलं होतं आणि पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी ठेवलं होतं. तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा, पण झाड वाढलं. शाल्मली साडेबारा वर्षांची असताना मेघना आठ दिवसांच्या तापाने गेली. त्यानंतर सहा महिने झाडाला पाणी घालायचं घरात कुणाला सुचलंच नाही आणि एकेक करत पानं गळली. टिकलं ते फक्त एक. पुढे झाड पुन्हा वर चढलं, नवी पानं आली, पण आईच्या काळातलं पान म्हणजे हे एकच, सगळ्यात खालचं. शाल्मली सहावीत असताना ते तिच्या डोळ्यांसमोर उलगडलं होतं. हर्षदा दोन बॅगा घेऊन या घरात आली त्याच संध्याकाळी शाल्मलीने ती जड कुंडी एकटीने ओढत आपल्या खोलीत नेली आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. फरशीवर तिचा ओरखडा अजून आहे.

आता तेलाचं सांगायला हवं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती, मेघनाच्या अक्षरातली. खोबरेल एवढं, माका एवढा, जास्वंदीची फुलं, मेथी, मंद आचेवर. हर्षदाने ती चिठ्ठी काढली नाही. उलट एका शनिवारी तिने ते तेल घरी केलं. तिला वाटलं, आपण सख्खी आई तर होऊ शकत नाही, पण पोरीच्या डोक्याला तेल लावायला काय हरकत आहे? रविवारी वाटीत तेल कोमट करून, तळहातावर घेऊन ती शाल्मलीच्या दारात उभी राहिली. शाल्मलीने वास घेतला, तिचा चेहरा एकदम मिटला, आणि मला तेल नको म्हणत ती ओल्या केसांनीच क्लासला निघून गेली.

राहिली ही, हातात तेल घेऊन. ते मोरीत धुऊन टाकायला तिचं मन होईना. समोर झाड होतं, पानांवर धूळ साचली होती. तिने ते तेल खालच्या पानाला पुसलं, उरलं ते वरच्यांना. पानं अशी चकाकली की पाहत राहावं. बरं वाटलं बिचारीला. दुसऱ्या रविवारीही तिने तसंच केलं, आणि मग ती सवयच झाली. पोरीच्या डोक्याला लावायचं तेल पानाला लावून ही बाई वर्षभर समाधान मानत राहिली. वेडेपणा आहे हे तिलाही कळत होतं, पण कुणाचं त्यात बिघडत नाही अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आणि मग यंदाचा फेब्रुवारी आला. उन्हाळा हल्ली संक्रांतीचे तीळ संपायच्या आत येतो. मार्च लागेपर्यंत खालच्या पानावर पाच डाग झाले, वरच्या चार पानांवरही पसरले. कोरडे, तपकिरी, हात लावला तर कागदासारखे वाजणारे. आता शाल्मलीनेही ते पाहिले. तिने कडुनिंबाचं पाणी फवारलं, हळद लावली, सोडा लावला, पाणी कमी केलं, मग घाबरून वाढवलं. शेजारणीने ताकाचा उपाय सांगितला, तोही करून झाला. डाग आपले वाढतच होते.

शेवटी एका गुरुवारी दोघी मिळून हरिपूर रस्त्यावरच्या तात्या कुंभोजकरांच्या नर्सरीत गेल्या. दोघी अशासाठी, की कुंडी एकटीला उचलत नव्हती. पंधरा महिन्यांत त्या दोघींनी एकत्र केलेलं हे पहिलं काम.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पानाला हात न लावता कुंडी उजेडाकडे वळवली आणि सावकाश समजावून सांगितलं. डागाला पिवळी कड असेल तर बुरशी. पानाच्या कडाच करपल्या असतील तर पाण्यातले क्षार, नाहीतर पाण्याची हयगय. मधोमध कोरडा, वाळका डाग असेल तर पान भाजलंय. डाग म्हणजे रोग नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पानाला जिथे इजा होते तिथे ते स्वतःभोवती भिंत घालून घेतं, इजा पुढे सरकू नये म्हणून, आणि त्या भिंतीचा रंग तपकिरी. हे पान भाजल्यासारखं दिसत होतं, पण रबराचं झाड सहसा असं भाजत नाही, म्हणून तात्याही चक्रावले. खालचं पान काढून टाका, बाकीची वाचतील, असं ते म्हणाले.

शाल्मलीने कुंडी आपल्याकडे ओढून घेतली. ते पान काढायचं नाही, एवढंच ती म्हणाली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग हर्षदाकडे पाहिलं, आणि काही न विचारता आतून चिमटा घेऊन आले.

चिमटा म्हणजे काय हे आता कुणाला सांगायला नको, पण दोनतीन वर्षांपूर्वी तो कुणाला ठाऊकही नव्हता. मुळात तो द्राक्षांसाठी निघाला, बागेत रोग शिरण्याआधी कळावा म्हणून. त्याचं खरं नाव पर्णवाचक, पण दिसायला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा, म्हणून लोक चिमटाच म्हणू लागले. तो पानाला लावायचा. त्यातून अकरा रंगांचे प्रकाश आळीपाळीने पानात शिरतात, आणि पानातला कुठला पदार्थ कुठला रंग किती गिळतो त्यावरून आत काय आहे ते कळतं.

खरी गंमत पुढेच आहे. पानाला वरून मेणाची एक पातळ कातडी असते आणि झाड तिच्यावर रोज किंचित मेण चढवत असतं. पानावर जे काही येऊन बसतं, म्हणजे धूळ, धूर, साबण, माणसाच्या हाताचा घाम, ते सगळं त्या मेणात अडकून राहतं, आणि दुसऱ्या दिवशीचं मेण त्याच्यावर चढतं. जुन्या भिंतीचा चुना खरवडला की आत आधीच्या दिवाळ्यांचे रंग एकाखाली एक निघतात, तसंच. चिमटा ते थर वरून खाली वाचत जातो. प्रत्येक माणसाच्या हाताचा घाम निराळा, त्यावरचे जंतू निराळे. त्यामुळे पानाला किती निरनिराळे हात लागले आणि कधी लागले, तेही त्याला कळतं. हात कुणाचा ते मात्र कळत नाही. त्यासाठी ज्याने त्याने आपलं बोट चिमट्यावर टेकवावं लागतं.

झालं. भिंतीला कान असतात असं म्हणायचे, आता कुंडीलाही डोळे आले. विश्रामबागेतल्या एका गृहस्थाने सिगारेट सोडल्याची शपथ घेतली होती, ती गॅलरीतल्या मनीप्लांटने मोडून दाखवली. एका सोसायटीत वरच्या मजल्यावरून कपड्यांचं पाणी कोण सोडतं यावरून तीन वर्षं भांडण चालू होतं, ते एका क्रोटनने मिटवलं, म्हणजे चौथ्या वर्षाला दुसरं सुरू करून दिलं. काही लोकांनी घरातली झाडंच देऊन टाकली. काहींनी मुद्दाम आणली आणि कामवालीच्या वाटेवर ठेवली, आणि वर आम्हाला हिरवाईची आवड आहे म्हणून सांगू लागले.

तात्या म्हणाले, खोल वाचन करायचं तर चिमटा दोन दिवस पानाला राहू द्यावा लागेल. अहवाल मोबाइलवर येईल, पण तो मोबाइल अठरा वर्षांवरच्या माणसाचा हवा. अजित जतला. म्हणजे हर्षदाचाच. तिने नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश.

त्या संध्याकाळी शाल्मली बापाशी फोनवर बोलली. फोन स्पीकरवर होता, दार उघडं होतं, आणि स्वयंपाकघरातल्या हर्षदाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मुद्दाम की चुकून, देव जाणे. माझ्या झाडाला कुणीतरी हात लावतंय, असं शाल्मली सांगत होती. मी कधी पुसत नाही तरी पानं चकाकतात. अहवालात तसं निघालं, तर मी झाड घेऊन कराडला मामाकडे जाणार आणि बारावी तिकडेच करणार. तो माणूस चांगला, पण दोन बायकांच्या मध्ये पडायची वेळ आली की त्याची रेंज जाते. शेवटी तो म्हणाला, तुला तिथे बरं वाटणार असेल तर जा. हर्षदाने पोळी तव्यावर टाकली होती, ती उलटायची राहिली.

पुढचे दोन दिवस चोराच्या मनात चांदणं. चिमट्याला बारीक हिरवा दिवा होता, तो मिणमिण करत तिचं वर्षभराचं कौतुक वाचत बसला होता. दारावरून जाताना तिची नजर तिकडे जायची आणि ती पाय उचलून पुढे व्हायची. आपल्या तेलाने डाग पडले असतील हे तिला अजूनही खरं वाटत नव्हतं, पण आपला हात त्यात निघणार हे मात्र नक्की होतं. आणि पोरगी जाणार. सव्वा वर्ष ज्या घरात पाहुणीसारखी राहिली, तिथून आता दुसऱ्या कुणाला तरी घालवून देणार, ते सुद्धा ज्या पोरीसाठी जीव टाकला तिलाच.

रविवारी सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागली होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी मोबाइल थरथरला. हातमोजा काढून तिने पाहिलं. पडद्यावर फक्त दोन ओळी होत्या. तेलाचा थर आढळला. वेगवेगळे हात: तीन. खाली प्रश्न होता, पूर्ण अहवाल हवा, की फक्त आजार आणि उपाय? दुसऱ्या बटणाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हातांची नोंद त्यात येणार नाही आणि ती कायमची काढून टाकली जाईल.

म्हणजे सुटका होती. एक बोट टेकवायचं की झालं. आजार अमुक, उपाय तमुक, हात कुणाचा ते कुणाला कळणार नाही, आणि पोरगी घरात राहील. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं थोडक्यात सांगायचं होतं. हर्षदाचं बोट त्या बटणावर आलंसुद्धा.

लॅबमधली तिची अठरा वर्षं मात्र आडवी आली. अहवाल ज्याचा त्याला द्यायचा, घडी घालून, पालथा, आणि आपण त्यात डोकवायचं नाही, हा तिचा नियम होता. एकदा एका म्हाताऱ्याने बायकोला साखर नॉर्मल आहे म्हणून सांगा, अशी गळ घातली होती. तेव्हा तिने त्याला खुर्चीत बसवून सांगितलं होतं, आजोबा, लपवलेला अहवाल घरात वेगळी जागा खातो. त्या म्हाताऱ्याला शहाणपण शिकवलं आणि स्वतःवर वेळ आली तर हे बटण? तिने पूर्ण अहवाल निवडला. तो उघडला नाही, आणि मोबाइल पालथा करून ठेवला. पुढच्या बाईचं रक्त काढताना अठरा वर्षांत पहिल्यांदा तिला दोनदा टोचावं लागलं.

साडेअकराला ती घरी पोचली. शाल्मलीने बाराच्या क्लासला जायची तयारी केली नव्हती. पॅसेजमध्ये तिची बॅग भरून ठेवलेली होती. हर्षदाने चपला काढल्या, आणि पाणीसुद्धा न पिता तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"अहवाल आलाय. मी वाचला नाही. पण तू वाचायच्या आधी मला सांगायचंय. तुझ्या झाडाला हात लावणारी मीच. दर रविवारी, तू क्लासला गेलीस की. मी पानांना तेल लावत होते. तुझ्यासाठी केलं होतं ते."

शाल्मलीचे डोळे भरले, पण रागाने. "मी नको म्हटलं होतं," एवढंच ती म्हणाली.

"हो. तू नको म्हटलं होतंस, आणि मी लावलं. माझं चुकलं." हर्षदाने मोबाइल तिच्या हातात दिला आणि न विचारताच पुढे होऊन आपलं बोट चिमट्यावर टेकवलं. पडद्यावर दुसऱ्या हातापुढे खूण उमटली. शाल्मलीने आपलं बोट टेकवलं, पहिल्या हातापुढे खूण आली. तिसरा हात तसाच राहिला.

शाल्मली वाचू लागली, आधी मनात, मग नकळत मोठ्याने. यंत्राची भाषा सरकारी पत्रासारखी कोरडी होती. सगळ्यात वर कडुनिंब, हळद, सोडा, ताक, हात क्रमांक एक. मग वरचा थर. खोबरेल, माका, जास्वंद, मेथी. तेरा महिने, दर रविवारी दुपारी. हात क्रमांक दोन. त्याखाली स्वच्छ मेण, साधारण साडेतीन वर्षांचं. फक्त धूळ, आणि हात क्रमांक एक, अधूनमधून.

त्याच्याही खाली आणखी एक थर होता. शाल्मलीचा आवाज तिथे थांबला. हर्षदाने विचारलं, काय लिहिलंय? तिने नुसता मोबाइल पुढे केला, आणि हर्षदानेच ते वाचलं. खालचा थर. खोबरेल, माका, जास्वंद, मेथी. दर रविवारी सकाळी. हात क्रमांक तीन. शेवटचा स्पर्श चार वर्षं सात महिन्यांपूर्वी.

खाली कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं, ती सगळी ऐकू आली.

"आई तिथे चपलांच्या स्टुलावर बसायची," शाल्मली म्हणाली. ती हर्षदाकडे नाही, पॅसेजकडे पाहत होती. "मी खाली, तिच्या पुढ्यात. डोक्याला लावून झालं की हाताला उरलेलं तेल ती पानाला पुसायची. वाया कशाला घालवायचं, म्हणायची. मी विसरले होते. मी हे पार विसरून गेले होते."

आणि मग ती रडली. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी, पंधरा महिन्यांत हर्षदासमोर पहिल्यांदाच. जवळ घ्यावं असं हर्षदाला फार वाटलं. पण एकदा न विचारता हात लावून जे झालं ते समोर होतं. ती तिच्या शेजारी फरशीवर बसली, हात मांडीत ठेवून, आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

रडू ओसरल्यावर शाल्मलीने नाक पुसलं आणि शेवटचा भाग वाचला. जुन्या थराच्या काळात पानावर एकही डाग पडलेला नव्हता. कारण तेव्हा झाड अंधाऱ्या जागी होतं. तेलाने पानाची श्वासाची छिद्रं थोडी बुजतात, पण सावलीत झाड ते सोसून घेतं. पंधरा महिन्यांपूर्वी मात्र पानावरचा प्रकाश एकाएकी आठपट वाढला. थेट, पश्चिमेचा. वर्षभर तेलाचा थर जाड होत गेला, पानाला घाम गाळून थंड होता येईना, आणि यंदाच्या उन्हात ते तापून भाजलं. शेवटी लिहिलं होतं की नुसत्या तेलाने हे झालं नसतं आणि नुसत्या उन्हानेही नाही.

पंधरा महिन्यांपूर्वी कुंडी कुणी ओढून नेली होती, ते अहवालात नव्हतं. फरशीवर होतं. शाल्मलीने त्या ओरखड्याकडे पाहिलं. हर्षदाने पाहिलं नाही, मुद्दामच.

उपाय सोपा होता. झाड उन्हातून काढा, सगळी पानं सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवा, तेल निघून जाईल. त्याखाली एक सूचना होती, धुतल्यावर पानावरच्या जुन्या नोंदी राहणार नाहीत.

"म्हणजे आईपण धुतली जाईल," शाल्मली म्हणाली.

हर्षदाने मोबाइल घेतला आणि अहवाल पुन्हा वाचला, लॅबमध्ये एखादा आकडा खटकला की वाचायची तसा, बोट ठेवून. मग ती म्हणाली, "सावलीत तेल सोसतं, असं लिहिलंय. मग वरची पानं धुवू. ती नवी आहेत, त्यांच्यावर फक्त माझंच तेल आहे. या खालच्याला नाही धुवायचं. त्याला नुसतं उन्हातून काढू. पूर्वी होतं तिथे ठेवलं तर ते टिकेल, असं मला वाटतं. टिकेलच, असं मात्र मी तुला सांगू शकत नाही."

शाल्मलीने विचार केला. पूर्वी होतं तिथे म्हणजे पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या वाटेत. मग ती उठली आणि कुंडीची एक बाजू धरली. दुसरी बाजू हर्षदाने धरली. या वेळी फरशीवर ओरखडा उठला नाही. वाटेत भरलेली बॅग होती, ती शाल्मलीने पायाने बाजूला सरकवली.

वरची पानं दोघींनी धुतली. हर्षदा पान खालून तळहातावर धरायची आणि शाल्मली वरून फडकं फिरवायची. जेवायला तीन वाजले, आणि तेव्हा शाल्मलीने भाताबरोबर लोणचं मागितलं. एरवी ती काही मागत नसे.

बॅग दोन दिवस पॅसेजमध्येच होती. हर्षदा तिला वळसा घालून जायची, एका शब्दाने विचारायची नाही. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर बॅग तिथे नव्हती. मग तिने पाहिलं, झाड जागेवर होतं, आणि दोरीवर शाल्मलीचे कपडे वाळत होते. अजितचा फोन आला तेव्हा त्याने दबकत विचारलं, काय ठरलं? हर्षदा म्हणाली, मला काय माहीत, पण तिने तुला चपलांचं कपाट आवरायला सांगितलंय, झाडाला जागा कमी पडते म्हणे.

तीन आठवडे गेले. जुने डाग होते तसेच राहिले, कारण पडलेला डाग कधी जात नाही, तात्यांनी आधीच सांगितलं होतं. पण नवा एकही पडला नाही. खालचं पान पाच डाग घेऊन शाबूत होतं. तात्यांचा चिमटा परत करायला शाल्मली एकटीच गेली. तात्यांनी विचारलं, कळलं का कुणामुळे झालं ते? ती म्हणाली, दोघींमुळे.

चौथ्या रविवारी हर्षदा लॅबमधून आली. दार उघडलं तर पॅसेजमधला दिवा लागलेला होता, चपलांच्या कपाटापुढे स्टूल ठेवलेलं होतं, आणि स्टुलापुढे फरशीवर शाल्मली केस मोकळे सोडून बसली होती. पाठमोरी. शेजारी तेलाची बाटली आणि वाटी. तेल तिने आधीच कोमट करून ठेवलं होतं.

हर्षदाने पर्स ठेवली, हात धुतले, पुसले, आणि काही न विचारता स्टुलावर बसली. तिने तळहातावर तेल घेतलं. पोरांना सुई कधी टोचली ते कळू न देणारे तिचे हात, पण त्या केसांना लागताना ते जरा अडखळले. मग बोटं आपोआप चालू लागली, टाळूवर, कानामागे, मानेपर्यंत. शाल्मलीने डोकं हळूहळू मागे टेकवलं. हर्षदाच्या गुडघ्यावर त्याचं वजन आलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वाटी संपली.

हर्षदाच्या हाताला अजून तेल होतं. ती उठून मोरीकडे निघाली. झाडावरून पुढे गेली, त्याच्याकडे न पाहता.

"धुऊ नका, मावशी," शाल्मली म्हणाली. "वाया कशाला घालवायचं? इथे ऊन येत नाही."

हर्षदा वळली. झाडापाशी खाली बसली. आणि हाताला उरलेलं तेल तिने त्या खालच्या पानाला, डागांवरून, अगदी हलक्या हाताने पुसलं.